धाकट्या घराची सनद

आमच्या घरात देवांच्याही वर टांगलेली एकच वस्तू होती. पत्र्याचा नळा. हातभर लांब, दोन्ही तोंडांना टोपणं, वरून आबांनी दर दिवाळीला मारलेला हिरवा ऑइलपेंट. नवीन माणूस घरी आलं की त्याची नजर तिकडं जायचीच. "छत्री ठेवलीया काय?" असं त्यानं विचारलं, की माझे वडील, म्हणजे आबा, कप खाली ठेवायचे, टोपी सारखी करायचे आणि म्हणायचे, "छत्री न्हाय पावणं. सनद हाय. महाराजांच्या दरबारची."

झालं! मग अर्धा तास पावण्याची सुटका नाही. मी आत भांडी मुद्दाम आपटायची. मला त्या नळ्याचा भयंकर राग होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं जे लिहिणार आहे त्यात मी उगाच साळसूद वाटायला नको.

सनद कशाची, तर मानाची. आमचा कुणी खापरपणजोबा कुठल्याशा मोहिमेत जखमी झाला, तरी त्यानं हातातलं निशाण खाली पडू दिलं नाही, म्हणून दरबारानं त्याला गावचा मानकरी केलं. राधानगरीच्या वाटेवरचं आमचं गाव. दसऱ्याला तिथल्या माळावर आपट्याची फांदी रोवतात. मानकऱ्यानं तलवारीचा पहिला वार करायचा, मग गावानं सोनं लुटायचं. तोवर एका पानाला कुणी हात लावायचा नाही. एवढाच तो मान. जमीन नाही, जुमला नाही. वर्षातनं एक वार, तोही फांदीवर! पण त्या एका वारापायी आमच्या भावकीनं चार पिढ्या एकमेकांचं तोंड धड बघितलं नाही.

खापरपणजोबाला दोन मुलगे. थोरल्याचं ते थोरलं घर, धाकट्याचं ते आमचं. मान साल आड साल दोन्ही घरांत फिरला पाहिजे, असं आमचं म्हणणं. थोरल्या घराचं म्हणणं असं, की धाकटा लग्नाच्या बायकोचा नव्हताच, घरात ठेवलेल्या बाईचा होता. अशांच्या वंशाला लेकावळे म्हणतात. हा शब्द आबांनी शाळेत ऐकला, पाणवठ्यावर ऐकला, स्वतःच्या हळदीत ऐकला. त्याला कंटाळून ते विशीत कोल्हापूरला आले, एका संस्थेत कारकून झाले, दोन खोल्यांत जन्म काढला. शब्द एसटीत बसून मागनं आला. भावकीतल्या दर लग्नाला आणि दर मयताला तो हजर असायचा.

आणि कागद मात्र आमच्या घरात. "आमचं नाव त्यात हाय, म्हणून तर आमच्याकडं आलाय," असं आबा म्हणायचे. "चोरून नेलाय," असं थोरलं घर म्हणायचं. वाचता दोघांपैकी कुणालाच येत नव्हता, कारण सगळा मजकूर मोडीत.

दसऱ्याला सकाळी नळा खाली यायचा. पाटावर लाल कापड, त्यावर सनद उलगडायची, चार कोपऱ्यांना चार सुपाऱ्या. आई गं! त्या वेळी मात्र माझा राग कुठल्या कुठं जायचा. वर सोन्याचा सूर्य, शेजारी चांदीचा चंद्र, तो काळा पडलेला. दोन्ही अंगांना वर चढत गेलेला वेल, त्याच्या प्रत्येक पानाची शीर वेगळी, मधे मधे बोराएवढी निळी फुलं. खाली दरबारचा काळाभोर शिक्का. मी पुढं शाळेत चित्रकला शिकवली. माझ्या हाताखालून गेलेल्या एकूण एक पोरानं वहीच्या कडेला तो वेल काढलाय, कुठला आहे ते त्यांना कधी सांगितलं नाही.

आजोबांनी आबांना, आणि आबांनी मला, त्या कागदावरची एक जागा बोटानं दाखवलेली. शिक्क्याच्या वर चार बोटं. "हे थोरल्याचं नाव. आनि त्याला लागून हे आपल्याचं." आम्हाला अक्षर एक कळत नव्हतं, पण जागा कधी चुकली नाही. आबा तिथं अंगठ्यानं हळदकुंकू लावायचे, वर दोन अक्षता ठेवायचे. शेजारच्या नावाला कधी नाही. "त्येंच्या नावाला त्येंनी लावावं की. आमच्या कुंकवावर का?"

दुसऱ्या दिवशी वाळलेलं कुंकू पुसून सनद परत नळ्यात जायची. ते पुसायचं काम माझं. मी डावरी. डाव्या हातानं प्रसाद घेतला की आईचा पाठीत धपाटा, डाव्या हातानं ओवाळायला गेले की ताटच काढून घ्यायची. "डाव्या हातानं दिल्यालं देवाला पोचत न्हाय," म्हणायची. कुंकू लावायला मला कधीच मिळालं नाही. पुसायला मात्र डावा चालत होता.

आईच्या जुन्या लुगड्याचा मऊ बोळा, दूधपाण्यात बुडवून घट्ट पिळलेला. "स्वच्छ पूस गं बाय, डाग ऱ्हायला नगो. मुंग्या लागत्यात." सनदेच्या बाबतीत माझ्या वाट्याला आलेलं तेवढंच काम, म्हणून मी ते जीव लावून करायची. तसंही अर्धवट काम मला आवडत नाही. पुढं आई गेली. मी लग्न केलं नाही, आबांजवळच राहिले, माझे केस पांढरे झाले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तो बोळा काही सुटला नाही.

मी कॉलेजात असताना आमच्या शेजारी दप्तरखान्यातले एक रिटायर गृहस्थ राहायचे. त्यांना मोडी पाण्यासारखी यायची. "आणा की सनद, दहा मिनिटांत वाचून दाखवतो," असं ते दोनदा म्हणाले. आबांनी दोन्ही वेळा विषय बदलला. ते गेल्यावर मी आबांवर चढलेच. "जन्मभर शिव्या खाताय, आणि दहा मिनिटं काढवत नाहीत?"

आबा हळूच म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी. आनि नाव नसलं तर? आज निदान ताठ मानेनं बोलता तरी येतंय."

आबांना भीती वाटते हे मला त्या दिवशी कळलं. पुन्हा मी तो विषय काढला नाही. शेजारचे गृहस्थ वारले. त्या वेळी नाव असणार, फिकट झालेलं का होईना पण असणार, हे आता रोज एकदा तरी डोक्यात येतं.

दोन वर्षांमागं वैशाखात गावी लग्न होतं. जेवणाची पंगत बसलेली. थोरल्या घरातले काका समोर होते. आबांचे चुलत-चुलतभाऊ, त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान, आवाज गिरणीच्या भोंग्यासारखा. काहीतरी मानाचा विषय निघाला आणि काकांनी हातातला घास ताटात टाकला.

"दादा, जलमभर कागद कागद करत आलायसा. एकदा वाचून आणा की! तुमच्या घराचं नाव निघालं तर यंदाची तलवार तुमच्या हातात. सगळ्यांच्या म्होरं सांगतोय. न्हाय निघालं, तर ह्यो इषय कायमचा बंद."

आमटी वाढणारा बादली धरून तसाच उभा राहिला. आबा शहाऐंशी वर्षांचे. त्यांनी तोंडातला घास सावकाश गिळला, पाणी प्याले आणि म्हणाले, "आनतो."

परत येताना एसटीत त्यांनी माझा हात धरून ठेवलेला. "नाव हाय गं. माझ्या बानं सोता दावलंय." पाच मिनिटांनी पुन्हा, "हाय नव्हं?" मी म्हटलं, "आहे की आबा. असणारच."

त्यानंतरचे ते दोन महिने! त्यांना इतकं खुशीत मी आधी कधी बघितलं नव्हतं. एकदा मी भाजी घेऊन घरात शिरले, तर हे खोलीच्या मधोमध उभे, दोन्ही हातांत काठी, आणि खुंटीला अडकवलेल्या पिशवीवर वार चाललेला. मी म्हटलं, "आबा, त्या पिशवीत सोनं न्हाय, कांदे हायत!" ते इतके हसले की खोकला लागला. मग म्हणाले, "तलवार जड असती गं. हात कापाय नगो सगळ्या गावाम्होरं."

श्रावणात मोडी शिकवणाऱ्या एका सरांचा पत्ता लागला, मंगळवार पेठेतल्या. आबांनी परीटघडीची टोपी घातली. रिक्षात नळा मांडीवर आडवा, दोन्ही हात त्याच्यावर.

सरांनी आम्हाला चहा दिला. स्वतः हात धुऊन कोरडे केले, टेबलावर धुतलेलं कापड घातलं आणि सनद उलगडली. "काय वेल काढलाय हो!" म्हणाले आणि वाचायला लागले. आधी दरबारच्या पदव्या, मग निशाणाची हकिकत, मग जखम कुठं झाली ते. "उजव्या खांद्यास," सर वाचत होते. आबांचा हात नकळत स्वतःच्या खांद्यावर गेला. जन्मभर पुजलेला कागद पहिल्यांदा बोलत होता. त्यांच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

"हा मान तुम्ही व तुमचे औरस पुत्र..." औरस म्हणजे लग्नाच्या बायकोच्या पोटचे. म्हणजे पुढच्या नावांवरच सगळं ठरणार होतं. सरांनी थोरल्याचं नाव वाचलं, अगदी खणखणीत. आणि थांबले.

भिंग आलं. मोबाइलचा टॉर्च लावून त्यांनी कागदाच्या कडेनं तिरपा धरला. "पुढं आणखी एक नाव होतं," ते म्हणाले. "तेवढी जागा आहे. पण आता तिथं काही नाही. पुसलं गेलंय."

माझं डोकंच फिरलं. "आबा! तुमचा अंगठा! साठ वर्षं एकाच जागी दाबून दाबून! स्वतःच्या हातानं घासून खाल्लंत तुम्ही नाव!" परक्याच्या घरात मी त्या म्हाताऱ्या माणसावर अशी ओरडले. आबा नुसते आपल्या अंगठ्याकडं बघत राहिले.

"नाही हो बाई," सर म्हणाले. "कुंकवानं शाई जात नाही, फार तर डाग पडतो. ही काजळाची शाई कागदाच्या वर बसलेली असते, पाणी लागलं की सुटते. ओल्या फडक्यानं पुसलंय कुणीतरी. बरीच वर्षं, नेमानं." त्यांनी टॉर्च जरा फिरवला. "आणि पुसल्याच्या रेघा बघा कशा वळल्यात. डाव्या हाताचं माणूस असणार."

त्यांनी ते अगदी सहज सांगितलं. माझा डावा हात टेबलावर होता. मी तो खाली घेतला.

"मी," आबा म्हणाले. "मीच पुसायचो. मी डावरा हाय की."

त्यांच्या उजव्या हातात चहाचा कप होता. सरांनी कपाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि सनद गुंडाळायला घेतली.

रिक्षात मी कसंबसं "आबा" एवढंच म्हटलं.

"चहा बरा हुता," ते म्हणाले. "आलं घाटलंतं."

मी म्हटलं, गावी जायलाच नको, काकांना फोन करून टाकू. त्यांनी ऐकलं नाही. पंगतीत शब्द दिलेला. पुढच्या रविवारी आम्ही गेलो. देवळाच्या मंडपात काका आणि भावकीतली दहा-पंधरा माणसं बसलेली. आबांनी नळा पुढ्यात ठेवला आणि सरांनी सांगितलं ते जसंच्या तसं सांगितलं. थोरल्याचं नाव आहे. पुढं आणखी एक होतं, ते पुसलंय.

"कुणी पुसलं?" काकांनी विचारलं.

"मी. दर साली, पूजा झाल्यावर."

काका हसले असते तर बरं झालं असतं. ते हसले नाहीत. त्यांच्या मानानं हळू आवाजात म्हणाले, "दादा, सोताचं नाव कोन पुसतंय का? ते नाव तुमच्या घराचं नव्हतंच. तुमास्नी ठावं हुतं. म्हणून तर आजवर कुनाकडनं वाचून घेतलं न्हाईसा. आनि म्हणूनच पुसलासा."

सगळ्यांच्या माना हलल्या. मी तिथं परकी म्हणून बसले असते तर मलाही तेच पटलं असतं. आबांनी मान खाली घातली. म्हणजे कबूलच केलं म्हणायचं.

मी त्यांच्या मागं खांबाला टेकून उभी. एक वाक्य होतं. 'ते नव्हे, मी पुसलं, आईनं सांगितलं म्हणून, लहानपणापासनं.' माझ्या तोंडाला आमची अख्खी शाळा भ्यायची, हेडमास्तर मला टाळून दुसऱ्या जिन्यानं जायचे. आणि त्या दिवशी माझी जीभ टाळ्याला चिकटली. आबांनी मला डोळ्यांनी गप्प राहायला खुणावलं, असं मी पुढं कितीतरी दिवस मनाशी म्हणत होते. खोटं आहे ते. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नव्हतं. मी भ्याले. 'हिनं घराचं नाव बुडवलं' हे भावकीच्या तोंडून ऐकायची माझी छाती झाली नाही, आणि शहाऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यानं तेच माझ्या वाटणीचं ऐकून घेतलं.

दसऱ्याला वार काकांनीच केला. आबा गावी गेले नाहीत. मला वाटलं यंदा नळा खाली काढायचेच नाहीत, पण सकाळी अंघोळ करून त्यांनी पाट मांडला, कापड घातलं, सुपाऱ्या ठेवल्या. ताट उचललं, स्वतःच्या अंगठ्याकडं बघितलं. त्यांनी ताट माझ्यापुढं केलं.

"तू लाव."

मी उजवा हात पुढं केला.

"डाव्यानंच लाव," ते म्हणाले. "तुझा हातच तो हाय."

"कुठं लावू, आबा?"

"कुठं बी. आता काय हाय तितं?"

मी लावलं. लावताना मला रडू फुटलं, म्हणून ते म्हणाले, "कागदावर पाणी पाडू नगंस." आणि मग मला बळंच दोन घास जेवायला लावलं. दुसऱ्या दिवशी मी बोळा भिजवला नाही. कुंकवासकट सनद गुंडाळली.

माघात आबा गेले. आजार असा काही नव्हता. जेवण कमी झालं, मग बोलणं कमी झालं, मग एका सकाळी उठले नाहीत.

अग्नी मीच दिला आणि दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर पिंडही मीच ठेवला. "उजव्या हातानं, ताई," असं गुरुजी सारखे बजावत होते. कावळे झाडावर दहा-बारा होते, पण एक खाली येईना. माणसाचं मन कशात अडकलं असलं की असं होतं म्हणतात, मग ज्याला जे सुचेल ते तो आश्वासन देतो. "लेकीकडं आम्ही बघतो," कुणी म्हणालं. "घराची काळजी करू नगा." कावळे जागचे हलले नाहीत.

काका आले होते. आठ-दहा माणसं घेऊन आलेले, ते मान्य केलं पाहिजे. ते पुढं झाले, हात जोडले आणि आपल्या त्या आवाजात म्हणाले, "दादा, मनात ठेवू नगा. तुमी नाव पुसलासा, झालं गेलं. भावकीनं माफ केलं तुमास्नी."

माफ केलं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. "कुणाला माफ करताय?" मी ओरडले. "आबांनी काही पुसलं नव्हतं! मी पुसलं. हा बघा, ह्या डाव्या हातानं. पन्नास वर्षं, ओल्या बोळ्यानं. नाव आमचंच होतं. मला वाचवायला ते तुमच्यापुढं खोटं बोलले!" मी हात वर धरून उभी होते आणि घाटावरची इतर माणसंही वळून बघायला लागली.

काका माझ्याजवळ आले. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बाय, लेक असावी तर अशी. बापाचा डाग सोताच्या अंगावर घ्याय निघालीस. पर म्हातारा सोताच्या तोंडानं सांगून गेलाय की गं. आमी सगळ्यांनी ऐकलंय."

बायकांनी पदर डोळ्यांना लावला. मागं कुणीतरी म्हणालं, "मुलगा असता तरी एवढं केलं नसतं." मी आणखी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली, आणि काकांच्या माणसानं मला पाणी आणून दिलं.

ऊन चढलं. माणसं घड्याळं बघायला लागली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि म्हणाले, "झालं, आता घरी जायला हरकत नाही."